एका रात्रीची मुदत

१९६२चा उन्हाळा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमधल्या एका हॉटेलात, त्याच दिवशी लग्न झालेलं जोडपं उतरलंय. जेवण खोलीतच मांडलंय, वाढायला दोन वेटर उभे आहेत आणि पलीकडचा पलंग उघड्या दारातून दिसतोय. इयन मॅकइवन यांच्या कादंबरीत या जेवणाची सुरुवात खरबुजाच्या फोडीने होते, फोडीवर पाकातली एक चेरी. भूक दोघांनाही नाही. पण ‘तुम्ही निघा आता, आमचं आम्ही बघतो’ एवढं वेटरांना सांगायचं धैर्य ना नवऱ्याकडे आहे, ना बायकोकडे. बरं दिसणार नाही म्हणून दोघं नको असलेला घास चघळत बसतात. ज्यांना वेटरला नको म्हणता येत नाही, ती दोघं पुढच्या तासाभरात एकमेकांना काय सांगणार?

डॉमिनिक कुक यांचा ‘ऑन चेझिल बीच’ हा सिनेमा या प्रश्नावर उभा आहे. २०१७मध्ये टोरंटोच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. पटकथा मॅकइवन यांनीच आपल्या २००७च्या छोटेखानी कादंबरीवरून लिहिली आहे. कुक मूळचे नाटकवाले. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरचे ते कलात्मक संचालक होते आणि हा त्यांचा पहिलाच चित्रपट. नाटकाची ती तालीम हॉटेलच्या खोलीत कामाला आली आहे. दोन माणसं, चार भिंती, बोलायचं ते सोडून बाकी सगळं बोलणं. संवाद हवापाण्याचे आणि भीती सगळी हातापायांत.

फ्लोरेन्स पॉन्टिंग (सर्शा रोनन) व्हायोलिन वाजवते. ऑक्सफर्डचं सुखवस्तू घर, आई विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारी, वडील कारखानदार. एडवर्ड मेह्यू (बिली हाऊल) खेड्यातल्या शाळामास्तरांचा मुलगा. इतिहासात पहिल्या वर्गात पास झालेला, चक बेरीच्या रॉक अँड रोलवर जीव टाकणारा. एडवर्डच्या आईच्या डोक्याला रेल्वेच्या फलाटावर डब्याचं दार लागलं आणि तेव्हापासून तिचं भान हरपलेलं. सगळं घर त्या आजारपणाभोवती गप्प बसलेलं. अण्वस्त्रविरोधी चळवळीच्या सभेत दोघांची गाठ पडते आणि प्रेम जडतं.

हे प्रेम खरं आहे, ते ओढूनताणून आणलेलं नाही, हे कुक आधी नीट पटवून देतात आणि सिनेमाचं निम्मं बळ तिथे आहे. फ्लोरेन्स पहिल्यांदा एडवर्डच्या घरी येते तो भाग पाहा. ज्या बाईपुढे सख्खा मुलगा अवघडून उभा राहतो, तिच्याशी ही परकी मुलगी चित्रांबद्दल गप्पा मारते, तिला कामाला लावते आणि त्या विस्कटलेल्या घराला काही काळ तरी घरपण येतं. ही मुलगी थंड नाही, स्वार्थी नाही, माणूसघाणीही नाही. तिला फक्त अंगाला झालेला स्पर्श सोसत नाही. आणि हे ती ज्याला सांगू शकेल असा एकच माणूस आहे. तोच तिचा नवरा आहे.

इंग्लंडमध्ये या गोष्टीचा एक ठरलेला अर्थ लावला जातो. बिचारी चार-पाच वर्षं लवकर जन्मली! १९६०मध्ये ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीवरच्या अश्लीलतेच्या खटल्यातून पेंग्विन प्रकाशन निर्दोष सुटलं. डिसेंबर १९६१मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत संततिनियमनाची गोळी आली, तीही विवाहितांपुरती. बीटल्सची पहिली एलपी १९६३ची. फिलिप लार्किन यांची एक प्रसिद्ध कविता तर १९६३ हेच इंग्लंडातल्या शरीरसुखाचं उद्घाटनवर्ष ठरवते. म्हणजे फ्लोरेन्स आणि एडवर्ड दारात पोचले आणि दार उघडायला वर्षभर बाकी होतं. त्यांचा घात काळाने केला.

हा अर्थ मला अपुरा वाटतो. काळ गुन्हेगार ठरला की माणसं सुटतात, आणि पाहणारेही ‘आता तसं राहिलं नाही’ म्हणत निर्धास्त घरी जातात. शिवाय माहितीचा दुष्काळ हे फ्लोरेन्सचं दुखणं नाहीच. तिच्याकडे नववधूंसाठीचं पुस्तक आहे. तिने ते वाचलंय आणि वाचून तिची भीती वाढली आहे. मेरी स्टोप्स यांचं ‘मॅरिड लव्ह’ इंग्लंडात निघालं १९१८मध्ये, म्हणजे या लग्नाच्या ४४ वर्षं आधी. स्टोप्स यांचा स्वतःचा पहिला विवाह शरीरसंबंधाविना गेला आणि १९१६मध्ये कोर्टाने तो रद्द ठरवला. आपल्या वाट्याला आलेलं अज्ञान इतरांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून त्या बाईने लेखणी हातात घेतली. पुस्तक धडाक्यात खपलं. म्हणजे काय होतं, कसं होतं, हे सांगणारी पुस्तकं इंग्लंडात होती. ‘आज नको’ असं म्हणता येतं आणि त्याने लग्न मोडत नाही, हे फ्लोरेन्सला सांगणारं कुणी नव्हतं.

मग खोलीत जे घडतं ते पाहा. एडवर्डला तिच्या निळ्या ड्रेसची चेन उघडता येत नाही. ती कापडात अडकते. तो ओढतो, ती अवघडून पाठमोरी उभी. मदत करावी तर आपण उतावीळ दिसू अशी तिला भीती. थांबावं तर आपण अडाणी ठरू अशी त्याला. साधी अडकलेली चेन, पण तिच्यावर हसायची सोय नाही. इथे दोघांपैकी एक जण जरी खो खो हसला असता, तर कदाचित सिनेमा इथेच संपला असता. कुक या क्षणाची घाई करत नाहीत. रोननच्या चेहऱ्यावर घृणा, अपराधीपणा आणि खरीखुरी माया एकाच वेळी दिसते. या तिन्ही एकत्र दाखवणं ही अभिनयातली अवघड गोष्ट, आणि ‘अटोनमेंट’मध्ये तेराव्या वर्षी मॅकइवन यांचीच एक गुंतागुंतीची नायिका पेललेल्या या नटीला ती साधली आहे. पुढे अतिउत्कंठेने एडवर्डचा तोल आधीच सुटतो, ती किळसून खोलीबाहेर पळते आणि समुद्र गाठते.

चेझिलचा किनारा वाळूचा नाही. सुमारे २९ किलोमीटर लांबीचा तो गोट्यांचा बांध आहे. पश्चिमेला वाटाण्याएवढे गोटे आणि पोर्टलंडच्या टोकाला बटाट्याएवढे, सगळे लाटांनीच निवडून लावलेले. त्यावर धड चालता येत नाही, धावणं तर दूरच. मन वळवायला निघालेला एडवर्ड त्या गोट्यांतून पाय ओढत तिच्यापर्यंत पोचतो तेव्हाच चिडलेला असतो. आणि इथे फ्लोरेन्स सिनेमातलं सगळ्यात धीट वाक्य बोलते. माझं तुझ्यावर प्रेम आहे, मला तुझ्याबरोबर राहायचंय, पण हे मला जमेल असं वाटत नाही. तुला गरज वाटली तर तू दुसऱ्या बायकांकडे जा, मी मत्सर करणार नाही.

हा प्रस्ताव चांगला की वाईट, यावर वाद होऊ शकतो. पण त्या रात्री तोडगा मांडणारी ती एकटी आहे. एडवर्डला त्यात फक्त अपमान दिसतो. हाच एडवर्ड मित्राला ज्यू म्हणून हिणवणाऱ्यावर रस्त्यात हात टाकतो. मानापमान त्याच्या मुठीत असतो. इथे मूठ उगारता येत नाही, म्हणून तो शब्द उगारतो. तू मला फसवलंस, लग्नाच्या वेळी दिलेला शब्द मोडलास. ती माफी मागून निघून जाते आणि तो तिला हाक मारत नाही. काही मिनिटांत सगळा निकाल.

एवढी घाई का? कारण पहिल्या रात्रीला मुदत असते, ही दोघांचीही ठाम समजूत आहे. ही समजूत त्यांनी हवेतून उचललेली नाही, कायद्यानेही तिला हातभार लावला होता. १९३७च्या इंग्लिश कायद्यानुसार जोडीदाराने जाणूनबुजून शरीरसंबंध नाकारला, तर विवाह रद्द करून घेता येई. फ्लोरेन्स-एडवर्डचं लग्न अशाच कारणावर रद्द होतं. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२मध्येही नपुंसकत्वामुळे संबंध न झाल्यास विवाह रद्द करून मिळण्याची तरतूद आहे. अडकलेल्या माणसाची सुटका म्हणून हे कायदे हवेतच. पण कायद्याने दिलेला शेवटचा उपाय समाज पहिल्या रात्रीची परीक्षा म्हणून वापरतो, तिथे गाडी घसरते.

महाराष्ट्रात या विषयाला तोंड फोडलं ते र. धों. कर्व्यांनी. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१मध्ये. कर्व्यांनी मुंबईत ते काढलं त्याच साली. १९२७पासून मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. त्यात वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या सरळ उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. खटला ते हरले. अमोल पालेकरांच्या ‘ध्यासपर्व’ या सिनेमामुळे ही हकिकत बऱ्याच जणांना ठाऊक असते. मला त्या प्रश्न विचारणाऱ्या वाचकांचं जास्त वाटतं. जे शेजारी निजणाऱ्या माणसाला विचारायचं, ते मुंबईतल्या एका अनोळखी संपादकाला पत्राने विचारावं लागत होतं. आज पत्राच्या जागी मोबाइल आला, इतकंच. उत्तरं दोन सेकंदांत येतात, पण शेजारच्या माणसाशी बोलणं आहे तिथेच आहे.

हा सिनेमा पाहताना बासू चॅटर्जींचा ‘सारा आकाश’ (१९६९) आठवणं अपरिहार्य आहे. तिथेही नवं लग्न, तिथेही अबोला. आग्र्याचं एकत्र कुटुंब, शिकायचं सोडून बोहल्यावर चढवलेला समर आणि शिकलेली प्रभा. घरात माणसांची इतकी दाटी की नवरा-बायकोला एकांत नाही, आणि जो मिळतो त्यात समर पाठ फिरवतो. तरीही तो अबोला अखेरीस सुटतो. फ्लोरेन्स-एडवर्डला एकांत भरपूर मिळाला, वेळ मिळाला नाही. समर-प्रभाला एकांत नव्हता, पण दिवसामागून दिवस होते. म्हणून आग्र्याचं घर थोर ठरत नाही. प्रभाला निघून जायची वाट नव्हती. तिचा संयम हा बराचसा नाइलाज होता. फ्लोरेन्सला ती वाट होती आणि तिने ती धरली, हे तिचं स्वातंत्र्य. पण जायची मोकळीक आणि थांबायला वेळ, या दोन्ही गोष्टी एकाच जोडप्याला मिळू नयेत, असं काही कुठे लिहून ठेवलेलं नाही.

आता सिनेमा कुठे चुकतो तेही सांगायला हवं. एक, फ्लोरेन्सच्या भीतीचं मूळ तिच्या लहानपणी वडिलांच्या बोटीत घडलेल्या कशात तरी आहे, असं तो सुचवतो. कादंबरीतही ही सूचना आहे, पण पुसट. पडद्यावर ती ठळक होते आणि प्रेक्षकाला हायसं वाटतं. कळलं कारण! पण बोटीत काहीच घडलं नसतं, तर तिची विनंती कमी खरी ठरली असती का? बाईच्या नकाराला दाखला जोडावा लागतो, ही जुनीच सवय इथे नव्या वेषात येते.

दुसरी चूक मोठी आहे. कादंबरीत त्या रात्रीनंतरचं एडवर्डचं सगळं आयुष्य मोजक्या पानांत सरतं. तो तिला पुन्हा कधीच भेटत नाही, तिचं वादन ऐकायलाही जात नाही. पण प्रेमाबरोबर थोडा धीर धरला असता तर निभावलं असतं, हे त्याला फार उशिरा कळतं. त्या कोरडेपणातच खरी शिक्षा आहे. सिनेमाला हे सोसवलेलं नाही. तो १९७५मध्ये एडवर्डच्या रेकॉर्डच्या दुकानात एक चुणचुणीत मुलगी पाठवतो. तिला आईसाठी चक बेरीची रेकॉर्ड हवी असते, आणि ती कुणाची मुलगी हे आपल्याला लगेच कळतं. मग २००७, लंडनचा विगमोर हॉल, म्हाताऱ्याचा मेकअप केलेला एडवर्ड प्रेक्षकांत आणि दोघांच्या डोळ्यांत पाणी. फ्लोरेन्सने पुढे वादकवृंदातल्या सहकाऱ्याशी संसार थाटला, मुलंबाळं झाली, हेही आपल्याला कळतं. म्हणजे तिचं दुखणं बरं झालं आणि प्रश्न मिटला! ज्या सिनेमाने तासभर सोप्या उत्तरांना हात लावला नाही, तो शेवटी रुमाल काढायला लावतो.

तरीही तो पाहावा, असंच मी म्हणेन. आपल्याकडे यंदाही लग्नसराईत हॉल, केटरर, मेंदी, फोटोग्राफर, सगळ्यांची महिनोन्‌महिने आधी ठरवाठरव होईल आणि त्या दोघांना एकमेकांशी काय बोलावं लागणार आहे, याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढणार नाही. ज्यांचं लग्न ठरलंय त्यांनी लग्नाआधी दोघांनी मिळून हा सिनेमा बघावा आणि नंतर त्यावर बोलावं. अडचण आलीच तर डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत, त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही. घरच्या मोठ्यांनी एवढंच करावं की दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरे न्याहाळू नयेत. आणि बघताना एक सूट घ्या: किनाऱ्यावरचा प्रसंग संपला की टीव्ही बंद केलात तरी चालेल. सिनेमा तिथेच संपतो, पुढचा भाग नुसता वाढवलेला आहे.