ओम्नी, वाडी आणि दहा हजार रुपये

जुनी व्हॅन घरच्या घरी दुरुस्त करून तिच्यात झोपायची आणि चहा करायची सोय करणारे लोक यूट्यूबवर पोत्याने सापडतात. त्या सगळ्यांकडे एक गोष्ट हमखास असते, घराला लागून प्रशस्त गॅरेज. आमच्या गिरगावात 'घरच्या घरी' म्हणजे वाडीत, जिना आणि नळ यांच्या मधल्या जागेत, दुपारी झोपणाऱ्यांच्या शिव्या खात. तरीही माझं स्पष्ट मत आहे की हे काम कमी पैशात करायचं तर गिरगाव-लालबागसारखी जागा नाही. पण ही सोय फार दिवस टिकणार नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी गाडीबद्दल. कॅम्पर म्हटलं की लोकांना फोक्सवॅगन आठवते. ती सिनेमात बघावी. आपली व्हॅन म्हणजे मारुती ओम्नी! १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आली, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली, आणि लांबी जेमतेम ३.३७ मीटर. शाळेची पोरं, केटररची पातेली, पेशंट आणि हिंदी सिनेमातले अपहरण झालेले उद्योगपती, सगळे तिच्यातूनच गेले. २०१९ साली नव्या सुरक्षा नियमांपुढे तिचं उत्पादन थांबलं, आणि त्यात चूक काही नाही. ड्रायव्हरच्या गुडघ्यांपुढे पत्र्याशिवाय काहीच नसतं. ही गाडी ऐंशीच्या वेगाने पळवायची नसते, एवढं मनात ठेवूनच तिच्या नादी लागावं.

माझी २००३ सालची आहे.

जुन्या कोडला हात लावणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं की वरची स्क्रीन सुंदर करून काही होत नाही, खाली काय कुजलंय ते आधी बघायचं. व्हॅनचंही तेच. लोक पडदे आणि दिव्यांच्या माळांपासून सुरुवात करतात. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी ओम्नीची जमीन, चाकांवरच्या कमानी आणि सरकत्या दाराच्या खालची पट्टी खाल्लेली असते. मॅट उचलली तर खालचा रस्ता दिसतो. गंजावर डांबर फासून "एकदम नवीन" म्हणून देणारे महाभाग प्रत्येक नाक्यावर आहेत. आतला ओलावा तसाच राहतो आणि दोन पावसाळ्यांत पत्रा पुन्हा गळतो.

आमच्या वाडीत परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक काका आहेत. त्यांनी हातोडीच्या दांड्याने अख्खी जमीन ठोकली आणि आवाजावरून खडूने खुणा केल्या. म्हणाले, "खडूच्या आतलं सगळं कापायचं. पुट्टी भरायची नाही, सांगून ठेवतो." मग बॅटरीची तार काढून, पेट्रोलची टाकी उतरवून सीओटू वेल्डिंग. पातळ पत्र्यावर सलग शिवण मारली तर तो तापून वाकतो, म्हणून एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, थांबत थांबत. बजेटचा मोठा हिस्सा या न दिसणाऱ्या कामात गेला. गेलाच पाहिजे.

बाकीचं सामान चालत जाऊन आणलं. दाराचं रबर ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांतून, वायर आणि फ्यूज लोहार चाळीतून, नट-बोल्ट आणि बिजागऱ्या नागदेवीतून, पडद्याचं कापड दादरला हिंदमातावरून (हे खातं बायकोचं, त्यात मला मत नाही). जुना हँडल किंवा काच हवी असेल तर चोर बाजार किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड. गणपतीचे मंडप बांधणारे लालबागचे सुतार आहेत, त्यांना वाकड्या जागेत प्लाय बसवायला शिकवावं लागत नाही. प्लाय मात्र आयएस ७१० चा मरीनच घ्या, इथे कंजुषी नको.

आणि गाडीला कायमचं काही ठोकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार नको असंच बजावलं. आसनसंख्या आरसीत असते. म्हणून मागचं बाक जागच्या जागी ठेवलं, त्याच्या उंचीचे प्लायचे दोन खोके केले, वर तीन फळ्या. रात्री मांडायच्या, सकाळी उचलायच्या. साडेपाच फुटी माणूस तिरका झोपतो. शेगडी बाहेर, उघड्यावर. बंद व्हॅनमध्ये गॅस पेटवणं म्हणजे जिवाशी खेळ.

आता कागदाकडे येऊ. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करायची. २०१८ साली मोटारीसाठी ही फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, ती मी २०२३ मध्ये भरली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० केली, म्हणजे २०२८ ला आजच्या दराने तेवढे. उलट पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाडीला २०२१ च्या नियमांनुसार पहिल्यांदा २०,००० आणि नंतर दर दहा वर्षांनी ५,०००. नूतनीकरणाचा हिशोब केला तर तिला वर्षाला पाचशे, ओम्नीला दोन हजार. मान्य, व्हिंटेज गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. धूर ओकणारे खटारे भंगारात जावेत हेही मान्य. पण मग तपासणी कडक करा ना. चेसिस ठोकून बघा, ब्रेक बघा, धूर मोजा. पास झालेल्या गाडीला केवळ वयाचा दंड कशाला? याच २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पर्यटकाने भाड्याची कॅराव्हॅन घेतली की ते पर्यटन, आणि दुरुस्त केलेल्या ओम्नीतून माणूस कोकणात गेला की तो बहुधा प्रदूषण!

असो. फी एक वेळ भरता येईल. जागा कुठून आणणार? वाडीचा पुनर्विकास ठरलाय. नकाशात पार्किंग यांत्रिक आहे, एकावर एक कप्पे. ओम्नी त्यात मावते, मी टेप लावून पाहिलंय. पण कप्प्यात दार सरकत नाही, गाडीखाली आडवं पडता येत नाही, वेल्डिंगचा तर प्रश्नच नाही. काका तोवर मुलाकडे डोंबिवलीला जाणार आहेत. पुढच्या सभेत मी एवढंच मागणार आहे: पोडियमवर एका गाडीची उघडी जागा, एक प्लग पॉइंट आणि पाणी जायला एक मोरी, आठवड्याला पाळी लावून सगळ्यांसाठी. बिल्डरचा माणूस हसेल. वाडीतल्या सात जणांनी मात्र आत्ताच सही केली आहे, आणि त्यातल्या चौघांकडे गाडीच नाही.