जे वाढलेच नाही, त्याची तक्रार

उपाहारगृहातून जेवून आलेल्या गिऱ्हाइकाचे मत एके काळी घरी, कचेरीत किंवा फार तर कोपऱ्यावरच्या पानपट्टीपाशी व्यक्त होई आणि तेथेच विरून जाई. आज तसे राहिलेले नाही. कोणाही गिऱ्हाइकाचा बरावाईट अभिप्राय घटकाभरात हजारो अपरिचितांपर्यंत पोहोचतो आणि त्यावर विसंबून माणसे कोठे जेवायचे हे ठरवितात. पूर्वी वृत्तपत्रातील एखाद्या टीकाकाराकडे असलेला अधिकार अशा रीतीने सर्वांच्या हाती आला. तो वापरण्याची शिस्त मात्र अजून यावयाची आहे. जेवण रुचकर, जागा स्वच्छ, परंतु मद्य मिळत नाही म्हणून गुण कमी, अशा स्वरूपाचे शेरे त्याची साक्ष देतात.

जो विषय विद्यार्थ्याने घेतलाच नाही, त्यात त्याला नापास करता येत नाही, हे शिक्षकवर्गास सांगावयास नको. हाच नियम उपाहारगृहाला लागू केला पाहिजे. माटुंग्याला १९४२ साली सुरू झालेल्या रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर भात आणि सांबार वाढले जाते. पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावरील ‘वैशाली’त डोसा आणि कॉफी मिळते. तेथील सांबार पातळ आहे की दाट, कॉफी कोमट आली की कढत, याबद्दल गिऱ्हाइकाने खुशाल लिहावे. पण तेथे बियर नाही ही तक्रार म्हणजे शिंप्याच्या दुकानात चपला मिळाल्या नाहीत म्हणून शिंप्याला नावे ठेवण्यासारखेच आहे.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या तक्रारीमागे कायद्याचे अज्ञानही असते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा रद्द झालेला नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने तो आजही अमलात आहे. मद्य विकणे आणि पिणे ही या राज्यात मुळात मनाई असलेली आणि परवान्याने सवलत मिळालेली गोष्ट होय. ‘परमिट रूम’ हा शब्द मराठीत रुळला तो याच कायद्याच्या पोटी. परवान्यासाठी जागेच्या अटी असतात, शाळा व प्रार्थनास्थळे यांच्यापासून अंतराचे नियम असतात आणि मोठ्या शहरांत दरसाल लाखो रुपयांचे शुल्क भरावे लागते. निदान बरोबर आणलेली बाटली तरी उघडू द्यायला हवी होती, असे लिहिणाऱ्यांना तर आपण काय मागत आहोत याची कल्पनाही नसते. परवाना नसलेल्या जागेत गिऱ्हाइकांना मद्यपान करू देणे हा या कायद्याच्या कलम ६८ खाली मालकाचा गुन्हा ठरतो आणि तेथे पिताना सापडलेल्या गिऱ्हाइकावरही कलम ८४ खाली कारवाई होऊ शकते. कायदा पाळला म्हणून ज्याला दोष मिळतो, त्या मालकाने दाद कोणाकडे मागावी?

दुसरी बाजू हिशेबाची आहे. मद्य देणाऱ्या जागी एक टेबल तीन तास अडले तरी मालकाची तक्रार नसते, कारण पेल्यामागून पेला येतो आणि त्यात नफा चांगला असतो. चहा, इडली किंवा राइसप्लेट यांवर चालणाऱ्या हॉटेलात तेच टेबल दिवसभर सतत बदलत राहिले तरच भाडे आणि पगार निघतात. अनोळखी माणसांना एका टेबलाशी बसविणे, कप रिकामा होताच बिल आणून ठेवणे, दारात ताटकळणाऱ्यांकडे वेटरने सूचक नजर टाकणे या सर्व गोष्टी त्या हिशेबातून आलेल्या आहेत. वेटर खरोखरीच उर्मटपणे बोलला असेल तर तसे अवश्य सांगावे. पण गर्दीच्या वेळी उठण्याची विनंती झाली म्हणून त्या जागेला आतिथ्यशून्य ठरविणे न्यायाचे नव्हे.

याहून गंभीर प्रमाद घडतो तो मालकाच्या हेतूचा शोध घेण्यात. येथे मद्य का नाही, या प्रश्नाचे उत्तर गिऱ्हाईक आपल्या मनानेच देऊन टाकते आणि मग मालकाचा धर्म, जात किंवा प्रांत अभिप्रायात येतो. वस्तुतः कारणे अनेक असू शकतात. कोणाची श्रद्धा असेल, कोणी वडिलांना शब्द दिला असेल, कोणाला परवान्याचा खर्च झेपत नसेल, तर कोणाला रात्रीची भांडणे नको असतील. यांपैकी कोणतेही कारण गिऱ्हाइकापुढे मांडण्यास मालक बांधलेला नाही. ताटातल्या भाजीची चव घेण्याचा हक्क पैसे मोजून मिळतो. मालकाच्या अंतःकरणाची झडती घेण्याचा मिळत नाही.

परंतु हा दोष केवळ मद्य मागणाऱ्यांचाच आहे असे समजणे चूक ठरेल. येथे दारू नाही म्हणून सभ्य माणसे येतात, अशी स्तुती करणाराही मर्यादा ओलांडतो. त्याला हॉटेलची प्रशंसा करावयाची नसून शेजारच्या परमिट रूममध्ये बसलेल्यांना हिणवावयाचे असते. मद्य नसल्यामुळे चटणी ताजी होत नाही आणि मोरीजवळची घाण नाहीशी होत नाही. निर्व्यसनीपणाचे प्रशस्तिपत्र देऊन शिळ्या अन्नाकडे डोळेझाक करणारा अभिप्राय हा पुढच्या गिऱ्हाइकाची फसवणूकच करतो.

मग लिहावे तरी काय? ‘येथे मद्य मिळत नाही’ एवढे एक साधे वाक्य पुरेसे आहे. ज्याला पेला हवा असेल तो त्यावरून दुसरी जागा शोधील आणि ज्याला तो नको असेल तो आनंदाने येथे येईल. तीच माहिती दोघांच्या उपयोगी पडते. निवाडा मात्र एकाच्याच आवडीचा असतो. परमिट रूमचे भाव लावून साधे जेवण दिले असेल, किंवा समारंभासाठी जागा ठरविताना विचारूनही खरी गोष्ट लपविली असेल, तर ती तक्रार रास्त होय. माहिती जरूर द्यावी. आवडनिवडीची शिक्षा दुसऱ्याच्या धंद्याला देऊ नये.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. लहान हॉटेलाला चार प्रतिकूल शेरे जड जातात आणि टिकून राहण्यासाठी मालक परवान्याच्या मागे लागतो किंवा गाळा सोडून देतो. तसे झाल्यास कोणाची जागा जाते? महाराष्ट्रात कायद्याने बियरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना बसण्यास हीच ठिकाणे आहेत. एकटीने जेवू पाहणारी नोकरदार स्त्री येथेच निर्धास्त असते. आणि आणखी एक गिऱ्हाईक असते, ज्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रातून अनेक माणसे नव्या उमेदीने घरी परततात. अशा माणसाला कचेरीतील सहकारी पगाराच्या दिवशी जेवायला बोलावतात, तेव्हा कोठे बसायचे यावर त्याचे पुष्कळ काही अवलंबून असते. इतरांना जी उणीव वाटते तीच त्याच्या दृष्टीने त्या जागेची सर्वांत मोठी सोय असते. गुण कापण्यापूर्वी शेजारच्या टेबलावरील या गिऱ्हाइकाची आठवण झाली, तर पुष्कळसे शेरे लिहिलेच जाणार नाहीत.