नाव कोण ठरवणार?

आमच्या भिवापूरची ओळख म्हणजे मिरची. इथल्या मिरचीला भिवापूरच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांनाच किती कौतुक वाटलं! नावावर माल ओळखला जातो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग ज्या जिवाला नऊ महिने पोटात वागवायचं, त्याच्या नावाचा विषय आपण रुसव्याफुगव्यात आणि घाईगर्दीत का उरकतो?

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? बारशाला आत्या कानात 'कुर्रर्र' करते आणि नाव ठेवते. खरं आहे. पण आत्याच्या तोंडी ते नाव येतं कुठून?

सातवा महिना लागला की घरोघरी हा विषय निघतो. सासूबाईंना देवाचं नाव हवं असतं. मामंजींना स्वतःच्या वडिलांचं नाव पुढं चालवायचं असतं. नणंद आधीच बजावते, "माझा मान हाय वो वहिनी, मीच ठेवीन." नवरा मोबाईलवर शोधून एखादं नवं, कुणी न ऐकलेलं नाव काढतो. बाळ जन्मलं की पंचांगातून अक्षर निघतं 'ढ', आणि सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळतं! या सगळ्या गोंधळात जिच्या पोटी बाळ जन्मतं तिला शेवटी विचारतात, "तुले आवडलं न?" हे विचारणं नव्हे. झालेला निर्णय कानावर घालणं आहे.

माझ्या ओळखीतल्या एका घरात असंच झालं. तिला मुलीचं नाव एक हवं होतं, नवऱ्याला दुसरं. तो म्हणे, "आईचं मन कसं मोडू?" ती म्हणे, "अन् माझं?" यावर दोघांचा अबोला. तेवढ्यात दिवस भरले, बाळंतपण झालं. दवाखान्यात कागद भरायला दीर गेला आणि त्याला जे आठवलं ते नाव लिहून आला. आज ती पोरगी दुसरीत आहे. जन्माच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरं, आणि घरात हाक मारायला तिसरंच! आई-बापाचा अबोला केव्हाच संपला, पण त्या दोन कागदांचं भांडण काही मिटत नाही. शपथपत्र करा, अर्ज करा, खेपा घाला. आणि एकेक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते.

हे टाळता येतं. कायदा आपल्याला वाटतो तितका घाईचा नाही. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, पण नाव ठरलेलं नसेल तर नावाशिवायही नोंद होते. पुढे १२ महिन्यांपर्यंत नाव विनामूल्य घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणून खिडकीवरच्या माणसानं "नाव काय?" विचारलं की घाबरून काहीतरी सांगून मोकळं व्हायचं काही कारण नाही. पण एकदा घातलेलं नाव बदलणं मात्र सोपं नसतं. त्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मदाखल्याचं महत्त्व फारच वाढलं आहे. शाळेचा प्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, सगळीकडे जन्मतारखेचा आणि जन्मस्थानाचा पुरावा म्हणून तोच कागद लागणार.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जिथे जन्म तिथेच नोंद होते. आपल्याकडच्या कितीतरी बायका बाळंतपणाला उमरेडला, नागपूरला नाहीतर माहेरी जातात. नोंदही तिकडचीच. म्हणजे दुरुस्तीसाठी पुन्हा तिकडेच जाणं आलं.

नावावरून एकमत होत नाही, हे दुखणं काही आपल्याच घरातलं नाही. आपल्या विदर्भातच, गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीत, जून २०१८ मध्ये एका घरानं बाळाच्या नावासाठी चक्क निवडणूक घेतली! तीन नावं, मतपत्रिका, मतपेटी, सगळा थाट खरा. पाहुण्यारावळ्यांची १९२ मतं पडली आणि ९२ मतं मिळालेलं नाव निवडून आलं. वर्तमानपत्रांतून त्याचं कौतुकही झालं. गंमत म्हणून छानच आहे. कुणाचा मान गेला नाही, कुणी रुसलं नाही. पण हिशेब करून बघा. ९२ जणांना हवं ते नाव लागलं, म्हणजे १०० जणांना दुसरं हवं होतं! मतदानानं जिंकणारा ठरतो, एकमत होतंच असं नाही. आणि घरात तर मतं दोनच खरी, आईचं आणि बापाचं. दोन मतांत बहुमत कधीच होत नाही. तिथे बोलूनच ठरवावं लागतं.

बाईचं मत इथे का हवं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, तिच्या स्वतःच्या नावाचं काय झालं ते आठवा. आई-बापानं हौसेनं ठेवलेलं नाव लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात मिटलं जातं. बोटानं दुसरं नाव लिहितात, टाळ्या वाजतात, पेढे वाटतात. कित्येकींना ते नाव त्या क्षणापर्यंत माहीतही नसतं. आता ही पद्धत कमी होते आहे, बरंच आहे. पण जिचं स्वतःचं नाव न विचारता बदललं, तिला पोटच्या पोराच्या नावातही कुणी विचारू नये?

आणि नावानं माणसाला उभं करता येतं, तसं पाडताही येतं. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये 'नकुशा' नावाच्या दोनशेहून अधिक मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली. नकुशा म्हणजे नको असलेली. मुलगा हवा होता आणि मुलगी झाली म्हणून ठेवलेलं हे नाव. शाळेत हजेरी घेताना रोज त्या पोरीला सगळ्यांदेखत ऐकावं लागे की तू नको होतीस. त्या दिवशी मुलींनी आपली नावं आपणच निवडली. कुणी देवीचं घेतलं, कुणी सिनेनटीचं. हसू नका, पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी विचारलं होतं.

आपल्या नागपूरनं तर याहून मोठी गोष्ट पाहिली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला, लाखोंनी दीक्षा घेतली. त्यानंतर ज्या घरांत दगडू, धोंडू, उकंडा अशी नावं चालत आली होती, त्या घरांच्या पाळण्यांत सिद्धार्थ, राहुल, संघमित्रा, यशोधरा आले. वाटेल ती हाक ऐकून घेण्याचे दिवस संपले, हे त्या आयाबायांनी बारशातूनच सांगितलं.

म्हणून डोहाळजेवणाच्या हौसेइतकंच आधी एक काम करा. नवरा-बायको दोघं निवांत बसा. सासूबाई, मामंजी, नणंद यांना काय आवडतं ते आधी विचारून घ्या, त्यांचाही जीव असतो. मग दोघांनी वेगवेगळ्या कागदावर नावं लिहा. दोघांनाही एक हक्क ठेवा, जे नाव अजिबात नको ते खोडायचं आणि कारण विचारायचं नाही. कुणाला त्या नावाची कुणी नकोशी व्यक्ती आठवत असेल, सगळंच सांगता येत नाही. उरलेली नावं आडनावासकट मोठ्यानं म्हणून बघा. शेतावरून हाक मारता येईल का बघा. शाळेतली पोरं त्याचं काय करतील तेही बघा! आणि इंग्रजीत स्पेलिंग कसं लिहायचं ते एकदाच ठरवून कागदावर लिहून ठेवा. पुढे आधार आणि दाखला जुळत नाहीत ते बहुतेक त्या एखाद्या अक्षरापायीच.

यादी मात्र दोन करायच्या, एक मुलाची, एक मुलीची. पोटात काय आहे हे विचारणं आणि सांगणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. पण या दोन याद्याच खूप काही सांगून जातात. मुलाची यादी वीस नावांची आणि मुलीची कोरी असेल, तर भांडण नावाचं नाही, हे ओळखा. कोऱ्या कागदावरची मुलगीही नकोशीच असते, फक्त तिचं नाव तसं ठेवलेलं नसतं इतकंच. मुलीची यादी आधी भरा, तितक्याच हौसेनं.

थोरांचा मान राखायला आपल्याकडे सोय आहेच. आजोबांचं नाव पाळण्यातलं ठेवा, कागदावरचं दोघांच्या पसंतीचं ठेवा. आत्यानं कानात तेच सांगावं, तिचा मान जसाच्या तसा. आधी तिला विश्वासात घेतलं तर ती उलट तुमचीच बाजू घेईल. आपल्या नणंदाही कुणाच्या तरी वहिनीच असतात.

आणि एक सांगायचं राहिलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी आपल्या राज्य सरकारनं ठरवलं आहे की शाळेचे कागद, परीक्षेचे अर्ज, महसुलाचे कागद यांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. म्हणजे जन्मभर बाळाच्या नावाला लागून आईचं नाव असणार आहे. शेजारी आपलं नाव लागणार असेल, तर त्या पहिल्या नावात आपलाही शब्द असायलाच हवा. तो रुसून मिळत नाही, गप्प बसूनही मिळत नाही. सातव्या महिन्यातच, शांतपणे, नवऱ्यासमोर बसून सांगा, "अहो, दोघांच्या आवडीचं होईल तेव्हाच ठरलं म्हणायचं."

उशीर झाला तरी चालेल. वर्षभराची मुदत आहे.