शाळा कुरणावर गेली होती

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. ही मागणी आपण जयंती-पुण्यतिथीला सांगतो. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, मोडी-बाळबोध आणि हिशेबाबरोबर मुलांना शेतीचेही ज्ञान मिळावे, हे त्याच निवेदनात आहे आणि ते सांगायचे राहून जाते. पोरे शाळेत का टिकत नाहीत याचे कारण फुले शाळेतही शोधत होते.

१९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. मूल न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. दोनच वर्षांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्या, असा हुकूम निघाला. दंडापेक्षा हा हुकूम मला मोठा वाटतो, कारण त्याने शाळेलाच बदलायला लावले.

शाळेनेच मुलांसाठी बदलायचे, हा विचार सर्वांत पुढे नेला बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू करून पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथल्या वारली आदिवासींची मुले शाळेत यायची नाहीत. थोरल्याला गुरे राखायची, थोरलीच्या कडेवर धाकटे भावंड. तेव्हा एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि शाळा उभी राहिली. धाकटे पाळणाघरात निजले की थोरली वर्गात बसायला मोकळी. शिकवायला महागडी साधने नव्हती. बिया, खडे, शिंपले, पाने पुरत. आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरतात तिथेच शिक्षकाने जायचे, तिथेच पाटी काढायची. या मुलांना शिकण्याची गोडी नाही, असे तोवर किती सहज म्हटले जात असे!

२०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे. तरी बीडमधल्या तांड्यावरची मुलगी आजही दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला निघालेल्या आईबापांच्या कोयत्यामागे ऊसपट्ट्यात जाते. आई पहाटे फडात उतरली की कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, भाऊ सांभाळायचा तिनेच. कारखान्यांजवळच्या साखरशाळा आणि मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे याच मुलांसाठी निघाली. पण वसतिगृहाची मंजुरी उशिरा आली, तर तोवर बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढलेले असते आणि गावातल्या हजेरीपटावर तिचे नाव तेवढे उरते.

अशा वेळी, २०२३ मध्ये, सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूहशाळांचे, म्हणजे त्यांतली मुले एका मोठ्या शाळेत आणण्याचे, प्रस्ताव मागवले. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान मिळेल, हे खरे आहे. पण वस्तीवरची सात-आठ मुले पावसाळ्यात ओढा ओलांडून तिथवर कशी जाणार, गाडी बंद पडली त्या दिवशी काय करणार? पहिली घरी बसते ती मुलगी. म्हणून वस्तीवरच्या शाळेला कुलूप लावण्याआधी तिथल्या प्रत्येक मुलाचे नाव घेऊन हा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला पाहिजे, आणि हंगामी वसतिगृहांची मंजुरी दसऱ्याआधी गावात पोहोचली पाहिजे.