तुटलेला स्टड

या सदरात आजवर हट्टी माणसे पुष्कळ येऊन गेली. यंदाच्या दिवाळीला ज्याची ओळख करून द्यायची आहे तो मात्र बोटभर लांबीचा आणि लोखंडाचा आहे. त्याचे नाव स्टड. बोल्टला डोके असते, याला नसते. दोन्ही टोकांना नुसते आटे. एक टोक इंजिनाच्या ब्लॉकमध्ये रोवलेले, दुसऱ्यावर नट. वर्षानुवर्षे तो जागचा हलत नाही, आणि हलवायला जावे तर कटकन मोडून अर्धा आतच राहतो. न्हाणीघरातल्या नळाचा गंजलेला स्क्रू ज्या गृहस्थांनी मोडला असेल, त्यांना अधिक सांगायला नको. फरक एवढाच, की नळ बाजारात नवा मिळतो.

ब्लॉक मिळत नाही, हीच तर राळेगावची अडचण होती.

राळेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. भोवताली काळी जमीन आणि कापूस. तिथे माझ्या मामांची जीप आहे. १९६२ सालची, पुढे एका सरकारी लिलावात घेतलेली. आपल्याकडे जीप रुळली ती महिंद्रांमुळे. १९४५ साली महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली. १९४७ साली तिने मुंबईत विलिजच्या जीपगाड्या सुट्या भागांतून जोडायला घेतल्या. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ पासून कंपनीच्या पाटीवर 'महिंद्र' हे नाव दोनदा आले. असो. मामांच्या जीपचे इंजिन अजून मूळचेच आहे, चार सिलिंडरचे, पेट्रोलचे, बिडाच्या ब्लॉकचे. याच गाडीतून मामींना ऐन पावसाळ्यात वर्धा नदी ओलांडून हिंगणघाटला बाळंतपणासाठी नेले होते. तेव्हा पोटात असलेला माझा मामेभाऊ आता पन्नाशीला टेकला आहे. मामा राहिले नाहीत. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला, तेव्हा मामी म्हणाल्या, "आधी सुरू करा, मग विकायचं पाहू." विकायचे नाही, असा त्याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना कळला.

इंजिन तेल खाऊ लागले होते, म्हणून मामेभावाने ते खोलायला घेतले. धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड ब्लॉकला स्टडांनी धरलेला असतो. नट हलेनात, म्हणून त्याने पान्याच्या दांड्याला लांब पाईप जोडला आणि एका दुपारात तीन स्टड मोडले. एक अर्धा इंच बाहेर राहिला, दुसरा ब्लॉकच्या बरोबरीने तुटला, तिसरा आत खोल.

इथले स्टड मोडण्याला कारण आहे. इंजिन चालते तेव्हा ते विलक्षण तापतात, बंद झाले की निवतात, आणि असे हजारो वेळा होऊन पोलाद थकते. त्यात गंज. लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. आट्यांमधल्या केसभर फटीत ती मिळणार कुठून? मग तो पाचरीसारखा घट्ट बसतो. अशा वेळी नट स्टडला सोडत नाही, स्टड ब्लॉकला सोडत नाही, आणि पीळ बसतो तो मधल्या अशक्त गळ्याला.

शेवटी एका जिनिंगमध्ये फिटर म्हणून उमर काढलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी प्रथम मामेभावाच्या हातातला पाईप काढून घेतला. "हे जोराचं काम नाही व्हय, भाऊ. जोरानंच तं तुटला थो!"

तीन दिवस त्यांनी रॉकेल आणि तेल सोडण्यापलीकडे काही केले नाही. सकाळ-संध्याकाळ दोन थेंब, आणि हातोडीचे हलके ठोके. मामेभाऊ चडफडत होता. चौथ्या दिवशी गॅसची ज्योत आणली. पण ती स्टडवर न धरता त्याच्या भोवतालच्या बिडावर, सावकाश फिरवीत धरली. एका जागी एकदम तापवले तर बीड तडकते, आणि वर गार पाणी टाकले तर खात्रीने. तापल्यावर भोक किती मोठे होते म्हणाल? तीन सुताचे भोक दोनशे अंशांनी तापवले तर मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतके! स्टडही तापून फुगतोच, पण मागाहून. तेवढ्याशा फटीत मिस्त्रींनी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आत ओढले गेले. मग स्टडवर दोन नट एकमेकांवर कसून खालच्याला पाना लावला. पाव फेरा सोडायचा, परत आवळायचा, पुन्हा थोडा जास्त सोडायचा. पहिला स्टड असा निघाला.

मुंबईच्या फियाटवाल्यांनी हे वाचून स्वतःच्या गाडीला ज्योत लावू नये. त्या गाडीचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणून काम सोपे होते खरे. पण ते वितळतेही फार लवकर, आणि वितळण्याआधी लाल होऊन सूचनाही देत नाही.

दुसऱ्या स्टडच्या तोंडावर वायसर ठेवून वेल्डिंगने नट डकवला. वेल्डिंगची उष्णता थेट स्टडच्या पोटात जाते, हा यातला खरा फायदा. दोनदा नट उपटून आला. तिसऱ्यांदा स्टड हलला.

तिसऱ्यासाठी मामेभावाने नागपूरहून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर आणला होता. स्टडला भोक पाडून त्यात हा पिळला की स्टड बाहेर येतो, अशी त्याची ख्याती. मिस्त्रींनी तो हातात घेऊन पाहिला आणि परत डबीत ठेवला. कारण तो कडक पोलादाचा असतो. आत मोडला तर साध्या ड्रिलने त्याला ओरखडाही उठत नाही. मग ब्लॉक भंगारवाल्याचाच. त्यापेक्षा त्यांनी पोखरण्याचा मार्ग धरला. तुटलेले तोंड कानशीने सपाट केले, मध्य काढायला अर्धा तास घेतला, पंचाची खूण भिंगातून पाहिली. मध्य चुकला तर ड्रिल मऊ बिडात सरकते आणि मूळ आटेच खाते. आधी बारीक ड्रिल, मग वाढवत अडीच सुतापर्यंत. तिथे थांबले. आता आट्यांमध्ये स्टडची सालपटासारखी स्प्रिंग तेवढी उरली होती. ती सुईच्या टोकाने उचकटून ओढली. मामी चष्मा लावून शेजारीच बसल्या होत्या. सालपट बाहेर आले तेव्हा त्यांनीच ते आधी पाहिले.

नंतर टॅप फिरवून आटे साफ केले. आटे गेले असते तर भोक मोठे करून तारेचे नवे आटे बसवता येतात, पण ती वेळ आली नाही. नव्या स्टडांवर मिस्त्रींनी पितळेचे नट बसवायला सांगितले. पितळ पोलादाला गंजून धरत नाही. मामेभावाने ते नागपूरहून आणले आहेत. पिस्टनच्या रिंगा अजून यायच्या आहेत, आणि तोवर जीप अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे.