पदवी आली, परवान्याचें काय?

आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंत एक समजूत पक्की बसली आहे. पोरगा डॉक्टरीची परीक्षा पास झाला, पेढे वाटले, गळ्यांत हार घातला कीं काम झालें! बंधूंनो, पदवी म्हणजे परवाना नव्हे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहींत नांव चढल्यावांचून एम.बी.बी.एस. झालेल्या मुलास येथें स्वतःचा दवाखाना थाटतां येत नाहीं.

आधीं तात्पुरती नोंदणी, मग इस्पितळांत एक वर्ष उमेदवारी, ती पुरी केल्याचा दाखला दाखविला कीं कायम नोंदणी. पुढची पदवी घेतली तर तीहि चढवावी लागते. आणि 'कायम' ह्या शब्दावर कोणी भुलूं नये! दर ५ वर्षांनीं परवाना नवा करून घ्यावा लागतो. त्यासाठीं त्या मुदतींत व्याख्यानें व परिषदा ऐकून ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात.

ही नोंदवही नको, असें आम्ही म्हणतों काय? मुळींच नाहीं! मुंबई इलाख्यांत १९१२ सालीं डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला, १९३८ सालीं वैद्य-हकिमांसाठीं झाला. हें रयतेच्या जिवाभोंवतालचें कुंपण आहे. दिवा-मुंब्र्याच्या नाहीं तर कल्याण-डोंबिवलीच्या चाळींत कोणी बिननोंदीचा भोंदू सुई टोचूं लागला, तर मरतो कोण? हमाल, गवंडी, विणकर, बंगलेवाला नव्हे. २०१९ च्या कायद्यानें अशा भोंदूस १ वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. कुंपण आणखी उंच करा, आमची हरकत नाहीं.

आमची तक्रार फाटकाविषयीं आहे. सरकारी कॉलेजांत शिकलेल्या मुलानें एक वर्ष सरकारी सेवा करावी, असा करार असतो; न केल्यास १० लाख रुपये भरण्याची सोयहि त्यांत होती. धनवानाचा मुलगा पैसे मोजून सुटूं शकत असे. कुणब्याचा, सुताराचा मुलगा मुरबाड-शहापुराकडे रात्रीं-अपरात्रीं बाळंतपणें करतो. सेवेचें आम्हांस दुःख नाहीं. लोकांच्या पैशानें शिकला, त्यानें लोकांचें ऋण फेडावें. पण ते ३० पॉइंट वांटतात कोठें? पुष्कळदां शहरांतल्या हॉटेलांत, फी घेऊन! दारांत ५० रोगी बसले असतां खेड्यांतला डॉक्टर तेथें जाईल कसा? जो हातानें शिकतो त्याची वही कोरी, आणि जो खुर्चीवर बसून, जेवून येतो त्याची भरलेली. हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, आतां घरबसल्याहि व्याख्यानें ऐकतां येतात. येतात खरीं. पण पडदा पाहून सर्पदंशाच्या रोग्याच्या घशांत नळी घालण्याचा हात बसतो काय?

आणि विद्या शहरांतच पिकते, हें तरी कोणीं सांगितलें? शेतकऱ्याच्या घरांत जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्यकेंद्रांत होते. विंचू चावलेल्यांच्या उशाशीं बसून त्यांनीं जें पाहिलें, तें १९८२ सालीं विलायतेच्या 'लॅन्सेट' मध्यें छापून आलें. पुढें प्राझोसिन हें रक्तदाबाचें औषध विंचवाच्या विषावर चालवून त्यांनीं कोंकणांत कित्येक जीव वांचविले. २०२२ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. अशा कामास पॉइंट किती?

म्हणून आमचें मागणें सरळ आहे. कळव्यास ठाणें महापालिकेचें वैद्यकीय कॉलेज आहे. तेथल्याच इस्पितळांत ऑगस्ट २०२३ मध्यें चोवीस तासांत १८ रोगी दगावले, हें जिल्हा विसरलेला नाहीं. कळवें, कल्याणचें रुक्मिणीबाई रुग्णालय, उल्हासनगर व शहापूर येथें पॉइंटांचीं व्याख्यानें फुकट व्हावींत. आरोग्यकेंद्रांतून लिहून पाठविलेल्या अनुभवासहि पॉइंट मिळावे. आणि नियम मराठींत, शेतकरी बापास वाचतां येतील असे छापावे.

आमच्या तरुण डॉक्टरांनो, मुदत चुकवूं नका, आणि चार पैशांसाठीं आपलें नांव भोंदूच्या पाटीवर चढवूं देऊं नका! आणि वाचकहो, बैल घेतांना दांत पाहतां, मग सुई टोचून घेण्यापूर्वीं नोंदणीचा नंबर कां विचारीत नाहीं? खरा डॉक्टर रागावणार नाहीं. जो रागावेल, त्याच्या दारांतून मुकाट्यानें परत फिरा.