ठाणे-कल्याणचा प्रदेश आणि विद्यापीठाचे विभाग

कल्याण-भिवंडीच्या परिसरात लोणाडजवळ चौधरपाडा येथे शिलाहार राजा दुसरा केशिदेव याच्या कारकिर्दीतील, शके ११६१ चा, दानलेख शिळेवर कोरलेला आहे. अशा दानशिळांना लोक गधेगळ म्हणतात : माथ्यावर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर, आणि तळाशी ते दान मोडणाऱ्यास दिलेल्या शापाचे, आजच्या दृष्टीस खटकणारे, गाढव व स्त्री यांचे शिल्प. इतिहासाचा विद्यार्थी अशा शिळेपाशी गेला तर राजवंश व तिथी टिपून घेईल. भाषेचा विद्यार्थी, संस्कृत मजकुराच्या अखेरीस शापवचन तेवढे मराठीत कोरण्याची शिलाहारकालीन रीत ध्यानी घेऊन, राजलेखात लोकभाषेस प्रवेश मिळाला तो धाक घालण्यासाठीच का, असे विचारील. भूगोलाचा विद्यार्थी दान दिलेल्या जमिनीच्या चतुःसीमा आजच्या शिवारात धुंडाळील. आणि समाजशास्त्राचा विद्यार्थी, एके काळी ज्या दगडाचे भय दाखवले जाई त्याच दगडास पुढे गावोगावी शेंदूर का लागला, याचा शोध घेईल. प्रश्न एकाच दगडातून उठलेले. परंतु आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेत ते चार विभागांच्या चार दप्तरांत बंदिस्त राहतात, ही हानी मला फार मोठी वाटते.

अशा एकत्र विचाराची परंपरा आपल्याकडे नाही असे नव्हे. १८८२ साली कॅम्बेलच्या संपादनाखाली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचा हेतू राज्यकारभाराच्या सोयीचा होता हे खरे; तथापि जमीनधारा, जाती, मासे, वृक्ष, बंदरे आणि पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानाच्या साहाय्याने सिद्ध झालेला प्राचीन इतिहास यांचा त्यात एकत्र समावेश झाला. राजवाड्यांनी १९२४ मध्ये ‘महिकावतीची बखर’ प्रसिद्ध केली, तेव्हा प्रस्तावनेत उत्तर कोकणातील ग्रामनामे, कुळे व वसाहती यांची सांगड घातली. त्यांच्या काही अनुमानांशी आज कोणी सहमत होणार नाही, पण त्यांची दृष्टी एका विषयाच्या कुंपणात मावणारी नव्हती. आणि दामोदर कोसंबींनी तर घाटवाटा पायी तुडवून लेणी, व्यापारी मार्ग व ग्रामदेवतांची ठाणी एका सूत्रात पाहण्याचा वस्तुपाठच घालून दिला.

कान्हेरीच्या लेखांत ज्या कल्याणचे दाते आढळतात, नाणेघाटाने जे जुन्नरशी जोडलेले होते, आणि १८५४ मध्ये जिथवर रेल्वे येऊन पोहोचली, त्या कल्याणच्या स्थानकावरून रोज गाडी पकडणाऱ्या पदवीधराला आपल्या गावाविषयी परीक्षेत एकही प्रश्न विचारला जात नाही. मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रे ठाण्यात व कल्याणात आहेत. १८६४ पासूनचे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ पासूनचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय हाताशी आहेत. मग मानव्यविद्येच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक गाव, एक तलाव किंवा एक बाजारपेठ निवडून किमान दोन विभागांच्या संयुक्त मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहावा, आणि त्यास एका पूर्ण प्रश्नपत्रिकेचे गुण असावेत, अशी तरतूद करण्यास कोणती अडचण आहे? परीक्षकांच्या नेमणुकीचा पेच सांगितला जाईल. तो कारकुनी स्वरूपाचा आहे आणि सुटण्यासारखा आहे.

प्रारंभ खाडीकाठापासून व्हावा. उल्हास नदीच्या मुखाकडील खारजमिनी बांध घालून समुद्रापासून सोडवल्या गेल्या. त्यांच्या शिलोत्री वहिवाटीचा हिशेब महसुली दप्तरांत आहे, आणि बांध, उघाडी, खाजण, मिठागर यांविषयीची सारी जाण आगरी व कोळी वृद्धांच्या बोलीत आहे. दप्तर वाचणारा ती बोली जाणत नाही आणि बोली टिपणारा दप्तर उघडीत नाही. डोंबिवलीभोवतीच्या गावांत शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि हे शब्द ज्यांच्या हातांनी वापरले ती माणसे आता वयोवृद्ध झाली आहेत. म्हणून इतिहासाच्या व भाषेच्या विद्यार्थ्यांची पहिली संयुक्त तुकडी येत्या शैक्षणिक वर्षातच त्या गावांत धाडली पाहिजे.